मत न पटणाऱ्या माणसाशी राजकारण बोलावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, सासर पुण्यातलं, आणि काम कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवण्याचं. त्यामुळे एकाच सरकारी निर्णयाबद्दल दोन टोकाची मतं एकाच आठवड्यात ऐकायची सवय मला लग्नानंतर लगेच लागली. विद्यार्थी, त्यांचे पालक आणि नात्यातली माणसं जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

समोरच्याचं मत बदलणारच नसेल, तर बोलून उपयोग काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून आधी हाच घेते. समोरचा आपल्या बाजूला आला तर चर्चा सार्थकी लागली, नाहीतर पालथ्या घड्यावर पाणी, असं आपण धरून चालतो. मला हा हिशोबच चुकीचा वाटतो. चर्चेचा पहिला लाभ बोलणाऱ्याला स्वतःला होतो. आपण अमुक मत का धरून बसलो आहोत, हे कुणी आडवं येईपर्यंत आपल्यालाच नीट माहीत नसतं.

याला फार मोठा साक्षीदार आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत मसुद्यावरच्या चर्चेला उत्तर देत होते. त्या मसुद्याला ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या होत्या. इतकी उलटतपासणी सोसलेला माणूस वैतागला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. बाबासाहेबांनी मात्र सभागृहातल्या बंडखोरांचे नावं घेऊन आभार मानले: कामत, आपल्या अमरावतीचे पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, प्रा. के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू. सगळ्यांनीच पक्षशिस्तीपुढे मान तुकवली असती तर कामकाज अगदी नीरस झालं असतं, असं ते म्हणाले. यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. हे लोक नसते तर संविधानामागची तत्त्वं उलगडून सांगायची संधी मला मिळाली नसती, आणि नुसतं संविधान मंजूर करून घेण्यापेक्षा ते काम जास्त महत्त्वाचं होतं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हे नुसतं सौजन्य नव्हतं. वर्षभर आधीचा, १५ नोव्हेंबर १९४८ चा प्रसंग बघा. भारताचं वर्णन पहिल्याच कलमात ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी’ असं करावं, अशी दुरुस्ती के. टी. शहांनी मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली, आणि नाकारायची म्हणून कारण द्यावं लागलं. समाजाची आर्थिक घडी कशी बसवायची हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचं, संविधानाने ते कायमचं बांधून टाकलं तर लोकांचं स्वातंत्र्यच जाईल, असं ते म्हणाले. शिवाय त्या दिशेच्या तरतुदी मार्गदर्शक तत्त्वांत आहेतच, हेही त्यांनी दाखवून दिलं. दुरुस्ती फेटाळली गेली. पण संविधानाने काय ठरवायचं आणि पुढच्या पिढ्यांवर काय सोपवायचं, याचं इतकं स्वच्छ उत्तर त्या दुरुस्तीमुळे नोंदीत राहिलं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द उद्देशिकेत आले. ते तिथे असावेत की नसावेत यावर आजही वाद चालतो, आणि दोन्ही बाजूंना त्या दिवशीच्या बोलण्याकडेच परत यावं लागतं.

म्हणजे मत कधीच बदलत नाही असं समजायचं का?

नाही, बदलतं. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २०१६ मध्ये मायामीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यकर्ते दारोदार जाऊन पारलिंगी लोकांबद्दल साधारण दहा मिनिटं बोलले. आकडेवारीचा मारा केला नाही. ‘तुम्ही वेगळे आहात म्हणून तुम्हाला कुणी कधी कमी लेखलं होतं का?’ असं विचारलं आणि ऐकून घेतलं. काही लोकांच्या मनातला आकस कमी झाला, आणि हा फरक किमान तीन महिने टिकला. तिथे बोलणाऱ्यांनी ऐकण्यावर वेळ खर्च केला होता, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

घरात शांतता राहावी म्हणून राजकारणाचा विषयच टाळला, तर बिघडलं काय?

बिघडतं. कसं, ते कांद्यावरून सांगते.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलेलं होतंच. बंदी आली आणि लासलगाव-पिंपळगावच्या लिलावात भाव धाडकन कोसळले. त्याच सुमारास नात्यातल्या एका साखरपुड्याला माझा भाऊ आणि माझे धाकटे दीर शेजारी शेजारी जेवायला बसले. भाऊ चिडलेला होताच. दीर समजुतीच्या सुरात म्हणाले, “दादा, भाव नाही तर थोडं थांबायचं. कांदाचाळीत भरून ठेवा, भाव आला की काढा.”

“पाहुणे, हा लाल कांदा आहे,” भाऊ म्हणाला. “चाळीत राहतो तो उन्हाळी. हा काढला की विकायलाच लागतो, नाहीतर कोंब येतात.”

माझे दीर शिकलेले, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे. पण डिसेंबरचा कांदा आणि एप्रिलचा कांदा यांची गणितं वेगळी असतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चांगल्या चाळीत दिवाळीपर्यंत टिकतो, म्हणून शेतकऱ्याला थोडं थांबता येतं. लाल कांद्याच्या शेतकऱ्याला ती सोय नाही. त्यामुळे निर्यातबंदी कुठल्या महिन्यात लागते, यावर ती कुणाच्या मुळावर येते हे ठरतं. भावाने खिशातून हिशोबपट्टी काढली. वजन, दर, हमाली, तोलाई, आणि खाली हातात पडलेली रक्कम. दीर ती बराच वेळ वाचत होते.

गोष्ट इथे संपवली तर ती एकाच बाजूची होईल. पट्टी परत देताना दिरांनी विचारलं, “आमच्याकडे धुणंभांड्याला मावशी येतात. त्या अर्धा किलो कांदा घेतात. दिवाळीच्या सुमारास त्यांनी तो घ्यायचंच सोडलं होतं. त्यांचं काय करायचं, सांगा.” भावाकडे पटकन उत्तर नव्हतं. निर्यातबंदीविरुद्ध तो रस्त्यावर बसला होता, पण हा प्रश्न त्याला डोळ्याला डोळा भिडवून कुणी विचारला नव्हता. मग बोलणं नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांच्या राखीव साठ्याकडे वळलं. सरकार उन्हाळी कांदा विकत घेऊन ठेवतं. तो किती घ्यावा, कुणाकडून आणि काय दराने घ्यावा, शहरात कधी बाहेर काढावा, यावर दोघे बासुंदी येईपर्यंत बोलत होते. बंदी हवी की नको यावर सुरू झालेलं भांडण, साठा वेळेवर शहरात पोचला तर बंदीची वेळच येईल का, या प्रश्नावर येऊन ठेपलं.

पुढच्या वर्षी लोकसभेला दोघांनी आपापल्या नेहमीच्या पक्षालाच मत दिलं. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी दराने निर्यात करता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क लागू झालं. याने नक्की काय फरक पडणार, हे विचारायला दिरांनी स्वतःहून भावाला फोन केला. विषय टाळला असता तर एकाच्या मनात ‘शेतकरी कायम ओरडतच असतात’ आणि दुसऱ्याच्या मनात ‘शहरवाल्यांना सगळं फुकट पाहिजे’ एवढंच राहिलं असतं, आणि दोघे एकमेकांशी गोड बोलत राहिले असते.

हीच चर्चा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केली तर?

करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे आत्या, मामा, जावई सगळे बघत असतात, त्यामुळे माणूस समजून घेण्यासाठी लिहीत नाही, आपली बाजू पडलेली दिसू नये म्हणून लिहितो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरुद्ध विचारांच्या पोस्ट दाखवल्या गेल्या. त्यातले रिपब्लिकन पक्षाचे समर्थक महिन्याअखेरीस आपल्या मतात आणखी कडवे झालेले आढळले. विरोधी मजकूर नजरेखालून जाणं आणि विरोधी मताच्या माणसाबरोबर बसणं यांत फार अंतर आहे. ग्रुपवर काही खटकलं तर त्या माणसाला फोन करा, जमलं तर चहाला जा.

वडीलधाऱ्यांशी राजकारणावर वाद घालणं उद्धटपणाचं नाही का?

आवाज चढवला, ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हटलं, तर आहेच. पण ‘आजोबा, हे मला पटलं नाही, तुम्ही असं का म्हणता?’ या विचारण्यात उद्धटपणा नाही.

माझ्या वर्गात एका मुलाने निबंधात लिहिलं होतं की रोजगार हमीमुळे लोक आळशी झाले. मी गुण कापले नाहीत. घरी आजी आहे का, एवढंच विचारलं, आणि बहात्तरच्या दुष्काळाबद्दल तिच्याशी बोलून ये म्हटलं. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तान्हं मूल झाडाला बांधलेल्या झोळीत, दुपारी सुकडी, आठवड्याला पगार. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, हे मुलाने पुस्तकात वाचलं होतं. आजीचा त्यात काही संबंध असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. नंतर त्याने निबंध पुन्हा लिहून आणला. योजनेत गळती आहे, हजेरीपटावर खोटी नावं लागतात, हा त्याचा मुद्दा तसाच होता, आणि तो त्याने जास्त नेमका मांडला होता. ‘आळशी’ हा शब्द मात्र निघाला होता.

आपल्याकडची म्हातारी माणसं दुष्काळ, आणीबाणी, गिरणी संप यांतून गेलेली आहेत. त्यांचं मत तुम्हाला जुनाट वाटत असेल, पण ते कशातून तयार झालं हे विचारलं तर त्यांनाही बरं वाटतं.

समोरचा धडधडीत खोटी माहिती सांगत असेल तर?

दहा मुद्दे एकदम खोडायला जाऊ नका. एक विधान धरा. ‘हे कुठे वाचलंत? चला, दोघे मिळून बघू’ म्हणा. आणि खरंच बघा: अर्थसंकल्प, राजपत्र, विधानसभेतली उत्तरं, निवडणूक आयोगाचे निकाल सगळं आता फोनवर मिळतं. गावच्या कामाबद्दल असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो.

माहिती आणि मत वेगळं ठेवा. रस्त्यावर किती खर्च झाला ही माहिती. तो पैसा रस्त्याऐवजी शाळेवर खर्चायला हवा होता का, हे मत. पहिल्यासाठी कागद पुरतो, दुसऱ्यासाठी बोलावं लागतं. आणि ज्या काटेकोरपणे तुम्ही समोरच्याचं विधान तपासता, त्याच काटेकोरपणे आपल्या आवडत्या नेत्याचंही तपासा. त्याच १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगून ठेवलं आहे की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती हा अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे.

समोरचा माझ्या जातीला, धर्माला, माणूसपणालाच नावं ठेवत असेल, तरी मी ऐकून घ्यायचं का?

नाही. हे मी वर्गात जितकं ठामपणे सांगते तितकंच इथे लिहिते. मतभेद ऐकून घेणं वेगळं आणि अपमान गिळणं वेगळं. ‘दोन्ही बाजू ऐकून घ्या’ हा उपदेश बहुतेक वेळा ज्याला आधीच खूप ऐकून घ्यावं लागलेलं असतं त्यालाच केला जातो. उठून जायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि समजावून सांगायची जबाबदारी तुमच्या एकट्यावर नाही.

चर्चेला दोघांची जागा साधारण बरोबरीची लागते. पुणे कराराचं उदाहरण संवादाचा आदर्श म्हणून कुणी दिलं की मला ते पटत नाही. ऑगस्ट १९३२ मधल्या ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते, म्हणजे तिथला प्रतिनिधी फक्त त्यांच्याच मतांनी निवडला जायचा होता. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात आमरण उपोषण सुरू केलं आणि २४ तारखेला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. जागा वाढल्या हे खरं. पण गांधीजींचं काही बरंवाईट झालं असतं तर देशभरातल्या दलित वस्त्यांवर काय ओढवलं असतं, हे ओझं एकट्या बाबासाहेबांच्या डोक्यावर होतं. ती वाटाघाट होती, आणि दबावाखालची होती. तिला मोकळी चर्चा म्हणता येत नाही.

त्याच दोघांची खरी चर्चा नंतर झाली, ती कागदावर. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनाचं अध्यक्षपद बाबासाहेबांना दिलं, भाषणातला मजकूर पाहून हरकत घेतली आणि अधिवेशनच रद्द केलं. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात जशीच्या तशी छापली, आणि तिला आपलं उत्तर जोडलं. उत्तरात कसलीही मवाळी नाही, धार पहिल्यापेक्षा जास्तच आहे. पण वाचकाच्या हातात दोन्ही बाजू पूर्ण आहेत. इथे मात्र कुणी कुणाच्या जिवावर उदार झालेलं नव्हतं, आणि लिहिणारे दोघे बरोबरीने उभे होते.

आधीच्या पिढ्या हे सगळं सभ्यपणे करत असत ना? आता पातळी घसरली आहे.

पातळी घसरली आहे हे मलाही जाणवतं, पण ‘आधी’चं चित्र फार गुळगुळीत करू नका. टिळक-आगरकर हे उदाहरण सगळेच देतात. १८८० मध्ये दोघांनी चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८२ मध्ये दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. मग सुधारणा आधी की स्वातंत्र्य आधी यावरून फाटलं, १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढलं, आणि पुढची वर्षं दोघांनी एकमेकांवर लिहिलं ते कडवट होतं. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली पुण्यातल्या लोकांनी. सभ्यतेचा सुवर्णकाळ वगैरे काही नव्हता.

तरीही त्या काळातली एक गोष्ट मला घ्यावीशी वाटते. गोखले आणि टिळक १९०७ च्या सुरत काँग्रेसपासून उघड दोन गटांत होते. १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा अंत्यसंस्काराच्या वेळी टिळकांनी त्यांना भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न म्हटलं आणि तरुणांनी त्यांचं अनुकरण करावं असं सांगितलं. आज विरोधी पक्षातल्या हयात माणसाच्या एखाद्या चांगल्या कामाबद्दल एक वाक्य बोलायला आपल्याला काय अडचण आहे?

विरोधकांशी बोलत बसणं म्हणजे आपल्या तत्त्वाशी तडजोड नाही का?

संयुक्त महाराष्ट्र समिती आठवा. १९५६ मध्ये पुण्यात ती स्थापन झाली तेव्हा कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका मांडवात आले, जनसंघही होता. यांचं एकमेकांशी जवळजवळ कशावरच जमत नव्हतं, आणि समितीतही खटके उडतच राहिले. मुंबईसह महाराष्ट्र या एका मुद्द्यावर ते एकत्र बोलू शकले, आणि १ मे १९६० नंतर आपापल्या वाटेने गेले. कुणी आपलं तत्त्व तिथे सोडून आलं नाही.

दोन्ही बाजू ऐकत बसलं की माणूस थंड पडतो. कार्यकर्ता कसा तयार होणार?

हा आक्षेप खरा आहे, आणि तो घेणाऱ्यांना मी उडवून लावत नाही. अमेरिकेतल्या डायना मट्झ या राज्यशास्त्राच्या अभ्यासक महिलेला नेमकं हेच आढळलं: ज्यांच्या ओळखीपाळखीत विरुद्ध मताची माणसं जास्त, त्यांना दुसऱ्या बाजूची कारणं चांगली ठाऊक असतात, ते जास्त सहिष्णूही असतात, पण प्रत्यक्ष राजकारणात ते कमी उतरतात.

यावरचा उपाय मला गडचिरोलीत सापडतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर माहीत आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहते. आणि ग्रामसभेशिवाय तिथे अभ्यासगट आहेत. त्यात गावकरी एखाद्या विषयाची सगळ्या बाजूंनी चर्चा करतात, बाहेरच्या जाणत्यांनाही बोलावतात, पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेचा. समजून घ्यायची बैठक वेगळी, ठरवायची बैठक वेगळी. समजून घेताना जिंकायची घाई नसते, आणि ठरवायच्या वेळी ‘अजून विचार करू’ म्हणून पळवाटही राहत नाही. हे घरात, सोसायटीत, युनियनमध्ये, कुठेही करता येईल.

बाकी गावांतही ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी असा कायदा आहे, आणि महिलांची सभा त्याआधी वेगळी. अनेक ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि काम संपतं. जिथे मतभेद तोंडावर मांडायची हक्काची जागा आहे, ती आपण अशी सहीवर सोडून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसऱ्या बाजूच्या लोकांपर्यंत पोचायचं कसं? ते आमचं वाचतच नाहीत.

त्यांच्या भाषेत लिहावं लागतं. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल त्यांनी फुलावर शिक्का मारायचा, केंद्रशासित राहायचं असेल त्यांनी दोन पानांवर. विलीनीकरणाच्या बाजूचा मोठा वर्ग मराठी वाचणारा होता. विरोधकांनी नुसतं आपल्याच माणसांना कोकणीतून सांगत बसण्याऐवजी मडगावहून ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक चालवलं. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातलंच. विलीनीकरणाविरुद्धची बाजू विलीनीकरणवाद्यांच्या घरात मराठीतून रोज सकाळी पोचत होती. कौल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा लागला, ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारलं गेलं.

महाराष्ट्रातल्या पुष्कळांना हा निकाल तेव्हा जिव्हारी लागला, काहींना आजही लागतो. पण पुढचं बघा. विलीनीकरणासाठी झटणारे भाऊसाहेब बांदोडकर कौल हरले, आणि अवघ्या दोन महिन्यांनी मार्च १९६७ च्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष जिंकला, तेच पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांनी त्यांचं एक मत नाकारलं, माणूस नाकारला नाही. मतदार हा फरक करू शकतात, तर जेवणाच्या टेबलावर आपल्यालाही करता यायला हवा.

बोलता बोलता माझंच चुकत होतं असं लक्षात आलं तर?

‘हे मला माहीत नव्हतं’ असं म्हणा आणि पुढे बोला. त्यावर भाषण नको, माफीही नको.

कधी थांबावं?

एकच वाक्य तिसऱ्यांदा यायला लागलं की. कुणी मुद्दा सोडून माणसावर घसरलं की. दारू झालेली असली की सुरूच करू नये. मयताच्या घरी आणि लग्नाच्या मांडवात जपून. मतदानाच्या आदल्या दिवशी सहसा कुणीच ऐकत नाही, निकालानंतर महिनाभराने मात्र लोक छान बोलतात.

सुरुवात कुणापासून करू?

तुमच्यावर माया असलेल्या आणि उलट्या बाजूला मत देणाऱ्या एखाद्या माणसापासून. कुणाला मत दिलं हे विचारू नका, ते गुप्त ठेवण्याचा त्यांना हक्क आहे. ‘गेल्या पाच वर्षांत सरकारचा कुठला निर्णय तुमच्या घरात सगळ्यात जास्त जाणवला?’ एवढं विचारा. मग मध्ये तोंड घालू नका. त्यांचं बोलून झालं की ते काय म्हणाले हे तुमच्या शब्दांत त्यांना सांगून बघा. ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ असं त्यांनी म्हटलं, की मग तुमचं मत मांडा.